दहा वाजून अकरा मिनिटांनी

१

"सदर रुग्णवाहिका सकाळी १०:११ वाजता, कॉल करणाऱ्याच्या विनंतीवरून, त्याच क्रमांकावरून रद्द करण्यात आली. सबब विलंबाची जबाबदारी या सेवेवर येत नाही."

माझ्या भाच्याने, गुंड्याने, हे पत्र दोनदा मोठ्याने वाचलं. तिसऱ्यांदा वाचायला घेतलं तेव्हा मी ते त्याच्या हातातून काढून घेतलं. पस्तिशीचा बाप्या आहे, छापखान्यात यंत्रावर उभा राहतो, पण आम्ही त्याला अजून गुंड्याच म्हणतो.

दादाला जाऊन तेवीस दिवस झाले होते. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, गुंड्याचा बाप. सकाळी छातीत कळ आली, लगेच फोन केला, आणि गाडी यायला चव्वेचाळीस मिनिटं लागली. तोवर सगळं आटोपलं होतं. उशीर का झाला ते कळवा, असा अर्ज आम्ही केला होता. त्याचं हे उत्तर.

"म्हणजे आपल्याच घरातून कोणीतरी गाडी परत पाठवली," गुंड्या म्हणाला. त्याने कोणाचं नाव घेतलं नाही. घ्यायची गरजच नव्हती, कारण फोन त्याच्या बायकोने केला होता.

भाचेसून स्वयंपाकघराच्या दारात ओल्या हातांनी उभी होती. "मी कशाला रद्द करीन?" तिने विचारलं.

"बाबांनी तुझ्याकडून शब्द घेतला होता. मला पुन्हा दवाखान्यात टाकू नकोस म्हणून. घेतला होता की नाही?"

"घेतला होता."

"मग?"

ती आत गेली, आणि कपाटावरची बॅग खाली ओढल्याचा आवाज आला.

खोटं कशाला बोलू, त्या क्षणी मीही तिच्याकडे संशयानेच पाहिलं. दादा मागच्या आजारपणात दवाखान्याला फार विटला होता, आणि ही पोर त्याच्या शब्दाबाहेर कधी गेली नव्हती. पण मी एकतीस वर्षं बस डेपोत कंट्रोलर होते. उशिरा आलेल्या गाड्यांची कारणं वाचण्यात माझा जन्म गेला. ड्रायव्हरने कितीही शपथा घेतल्या तरी मी गाडीखाली वाकून पाहिल्याशिवाय सही करत नसे. इथे तर एका बाईच्या संसारावर सही मागत होते.

मी आतल्या खोलीत गेले आणि बॅगेवर बसले.

"चार दिवस दे मला," मी म्हटलं. "त्यानंतर तू जा, नाहीतर मी त्याला घराबाहेर काढते. पण असं उगाच खापर फोडून घेऊन तू जायचं नाही."

"आणि मीच केलं असेल तर, आत्या?" तिने विचारलं.

तिच्या चेहऱ्यावरून मला काहीच कळेना.

२

दादाच्या खोलीत मी खुर्ची ओढून बसले आणि तिला समोर बसवलं. ती सकाळ मला मिनिटामिनिटाने हवी होती.

"दहा वाजून पाच मिनिटं झाली असतील," ती म्हणाली. "बाबा पलंगावर बसून छाती चोळत होते. मी शेजारच्या सिस्टरना हाक मारली आणि याच फोनवरून अँब्युलन्सला फोन केला." पलंगाच्या उशाशी दादाची जुनी लँडलाइन होती. मोबाइलवर त्याचा विश्वास नव्हता. "त्यांनी पत्ता विचारला, सगळं विचारलं. गाडी निघते म्हणाले. मग मी खाली पळाले. आपली गल्ली बाहेरून दिसत नाही ना, म्हणून मोठ्या रस्त्याच्या कोपऱ्यावर जाऊन उभी राहिले."

"किती वेळ?"

"वीस मिनिटं. जास्तच. प्रत्येक पांढऱ्या गाडीला हात केला. शेवटी वर आले, तर बाबा बोलेनासे झाले होते. माझा मोबाइल घेऊन यांना फोन लावला. तीनदा वाजला. चौथ्यांदा उचलला. मग यांनी तिकडून पुन्हा अँब्युलन्सला फोन केला."

गुंड्या खिडकीशी उभा होता. "यंत्राच्या आवाजात ऐकू आलं नाही," तो बाहेर बघतच म्हणाला. त्याला कोणी काही विचारलं नव्हतं.

म्हणजे दहा अकराला ही बाई कोपऱ्यावर होती, निदान असं तिचं म्हणणं होतं. आणि हिचं खरं असेल तर त्या वेळी दादाजवळ, या फोनजवळ, एकच माणूस होतं.

सिस्टर शेजारच्याच दारात राहतात. निवृत्त नर्स, नाकावर माशी बसू देत नाहीत. मी पत्र दाखवलं तेव्हा त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"तुम्हाला काय म्हणायचंय, मी परत पाठवली?"

"मला काहीच म्हणायचं नाही. तुम्ही त्या वेळी काय म्हणालात ते सांगा."

त्यांनी चष्मा काढून पुसला. "मी आधी म्हटलं, गॅस असेल," त्या म्हणाल्या. "बत्तीस वर्षं वॉर्डात काढली मी. तुमची सून फोन लावत होती आणि मी म्हटलं, अगं थांब, एवढी घाई नको. तिने माझं ऐकलं नाही. बरं झालं ऐकलं नाही. नंतर नाडी धरली तेव्हा माझी चूक मला कळली."

"आणि फोनला हात लावलात?"

त्या एकदम उठून उभ्या राहिल्या. "लावला," त्या म्हणाल्या. "ती खाली गेल्याबरोबर मीच उचलला तो फोन."

३

"कोणाला केलात?"

"मेडिकलवाल्याला. जिभेखाली ठेवायची गोळी मागवली. दुसरं कोणाला करणार? त्याने जिन्यात आणून दिली आणि परत गेला."

गुंड्या माझ्या मागून आला होता. "हे आता सांगताय?" तो म्हणाला.

"मला आधी कोणी विचारलं होतं? गोळीचं मी त्या दिवशीच सांगितलं होतं. कुठल्या फोनवरून मागवली ते कोण विचारतंय!"

"आणि त्यानंतर अँब्युलन्सला नाही केलात, हे कशावरून?"

सिस्टरचा चेहरा लालबुंद झाला. भांडण डोळ्यांसमोर पेटत होतं, पण मला वेगळंच सुचलं होतं. मी तशीच दादाच्या खोलीत गेले. फोनवर रुमाल टाकलेला होता.

"सूनबाई, त्या दिवसानंतर या फोनवरून कोणी फोन केलाय?"

"नाही. मीच झाकून ठेवला. मला तो बघवत नव्हता."

"सगळे इकडे या," मी म्हटलं. "पत्र म्हणतं, त्याच क्रमांकावरून रद्द केली. म्हणजे या फोनवरून. दहा अकराला इथून कोणी अँब्युलन्सला फोन लावला असेल, तर या डबड्यावरून फिरवलेला शेवटचा नंबर कोणता असेल?"

गुंड्या काही बोलायच्या आत मी रीडायलचं बटण दाबलं आणि आवाज मोठा केला. फोन वाजत राहिला. सिस्टर पुटपुटायला लागल्या. भाचेसुनेने भिंतीला हात टेकला. पलीकडून फोन उचलला गेला.

"हां, बोला सिस्टर," एक पुरुषी आवाज म्हणाला. "गोळी पाहिजे का परत?"

४

मेडिकलचं दुकान इमारतीच्या तळमजल्यावरच आहे. मालक गिऱ्हाइकाशी बोलता बोलता गोळ्यांची पाकिटं कातरतो, आणि आमच्याशी बोलतानाही कात्री चालूच होती.

"ताई, तुमच्या घरून त्या दिवशी मला एकच फोन आला." त्याने मोबाइल काढून दाखवला. "हा बघा. दहा वाजून आठ मिनिटं. पुन्हा नाही आला."

मी गुंड्याकडे वळले. "ऐकलंस? दहा आठला इथे फोन आला. दहा अकराला रद्द करायला फोन गेला असता, तर रीडायलवर अँब्युलन्सवाले लागले असते. त्यानंतर इथे दुसरा फोन आलेला नाही. म्हणजे दहा आठनंतर त्या फोनवरून कोणीही कोणालाही फोन केला नाही. तुझ्या बायकोने नाही, सिस्टरनीही नाही."

"मग पत्रात तसं का लिहिलंय?" गुंड्याने विचारलं. त्याचा आवाज खाली आला होता.

ते मलाही कळत नव्हतं. आपली माणसं सुटली, पण दादाची गाडी कुठे गेली हे कोडं तसंच होतं. मी निघणार होते. तेवढ्यात मेडिकलवाला सहज म्हणाला, "पण तुम्ही दुसरी गाडी केली होती ना? मला वाटलं, म्हणूनच माझी नको म्हणालात."

"तुमची कोणती?"

"सिस्टर फोनवर घाबऱ्याघुबऱ्या वाटल्या, म्हणून मीही लावला की फोन अँब्युलन्सला. आपल्या परीने. दहा वाजून नऊ मिनिटांनी. मग त्यांचा मेसेज आला, तुमची मागणी रद्द. मी म्हटलं, घरच्यांनी सोय केली असेल."

"हे इतके दिवस बोलला नाहीत?"

"मला कोणी विचारलंच नाही," तो म्हणाला, आणि पहिल्यांदाच त्याने कात्री खाली ठेवली.

मेसेज अजून त्याच्या मोबाइलवर होता. मी तो चष्मा लावून वाचला, मग गुंड्याला वाचायला लावला. "आपण मागवलेली रुग्णवाहिका १०:१२ वाजता, आपल्या विनंतीवरून, आपल्याच क्रमांकावरून रद्द करण्यात आली आहे."

"तुम्ही विनंती केली होती?"

"मी? मी तर गोळी घेऊन जिना चढत होतो."

दोन माणसांनी वेगवेगळा फोन केला होता. एकाला दुसऱ्याचा पत्ता नव्हता. दोघांनीही रद्द केलं नव्हतं, आणि दोघांच्याही नावावर एका मिनिटाच्या अंतराने तेच वाक्य चिकटलं होतं. असला प्रकार मी आयुष्यात एकदा पाहिला होता. आमचा डेपो आणि पुढचा डेपो यांच्या मधोमध एक बस बंद पडली. तिथल्या कंट्रोलरला वाटलं, आमच्याकडून दुसरी गाडी निघाली. मला वाटलं, त्यांच्याकडून निघाली. साठ माणसं दुपारभर रस्त्यावर बसून राहिली.

"गुंड्या," मी म्हटलं, "उद्या सुट्टी काढ. रद्द करणारा आपल्या घरात नाही. तो कुठे बसतो ते मला माहीत आहे."

५

अँब्युलन्सच्या नियंत्रण कक्षाच्या साहेबांनी आम्हा तिघांना दहा मिनिटं दिली आणि त्यातली चार मिनिटं बोटातली अंगठी फिरवण्यात घालवली.

"मशीन खोटं बोलत नाही, बाई," ते म्हणाले. "घरात अशा प्रसंगी गोंधळ होतो. कोणीतरी घाबरून रद्द करतं, नंतर कबूल करत नाही. आम्ही समजू शकतो."

"मला समजून घेऊ नका. मला एक गोष्ट दाखवा," मी म्हटलं. "तुमच्या माणसांना गाडी रद्द करायची असते तेव्हा कारण निवडावं लागतं ना? ती कारणं किती आहेत?"

"ते अंतर्गत आहे."

"बरं. मग मी सांगते तुम्हाला. एकाच इमारतीतून दोन फोन आले तर एक बंद करावा लागत असणार. आणि त्यासाठी तुमच्या यादीत कारणच नसणार."

साहेबांची अंगठी थांबली. मी मेडिकलवाल्याचा मेसेज आणि आमचं पत्र शेजारी शेजारी ठेवलं. रीडायलचं सांगितलं, दहा आठच्या फोनचं सांगितलं.

"आता तुम्हीच ठरवा," मी म्हटलं. "एकमेकांना न विचारता दोन माणसांना एका मिनिटाच्या अंतराने दादाला मरू द्यावंसं वाटलं, की तुमच्या दोन खुर्च्यांनी दोन बटणं दाबली?"

त्यांनी बेल वाजवली. त्या दिवशी पहिला फोन घेणारी मुलगी आत आली, कानावरचं यंत्र गळ्यात अडकवलेलं. साहेब म्हणाले, "यांना सांग, रद्द करणं हा कॉल करणाऱ्याचाच निर्णय असतो."

मुलीने पत्र वाचलं. मेसेज वाचला. मग तिने आमच्या भाचेसुनेकडे पाहिलं. "गल्ली बाहेरून दिसत नाही, मी कोपऱ्यावर उभी राहते, असं तुम्हीच म्हणाला होतात ना?"

"हो."

मुलगी साहेबांकडे वळलीच नाही. "कारणं चार आहेत," ती म्हणाली. "कॉल करणाऱ्याने रद्द केलं. पत्ता सापडला नाही. खोटा कॉल. रुग्ण आधीच हलवला. डबल कॉलला कारण नाही. खोटा कॉल टाकला तर फोन करणाऱ्या माणसावर कारवाई होते. पत्ता टाकला तर आम्हाला मेमो. रुग्ण हलवला म्हटलं तर कुठे हलवला ते लिहावं लागतं. म्हणून सगळे पहिलंच टाकतात. पुढचं वाक्य, त्याच क्रमांकावरून वगैरे, ते मशीन आपोआप जोडतं."

"आणि त्या दिवशी?"

"माझ्या पडद्यावर पिवळी ओळ आली, याच इमारतीतून दुसरा कॉल चालू आहे. मागच्या खुर्चीवरच्या मुलाने तो घेतला होता. मला वाटलं, त्याची गाडी जातेय, मी माझी बंद केली. त्यालाही तेच वाटलं. पडद्यावरची माहिती दर दोन मिनिटांनी बदलते. तोवर त्याचीही बंद झाली होती, आणि आम्ही दोघंही पुढच्या कॉलवर गेलो होतो." तिने मान खाली घातली. "माझी गाडी तुमच्यापासून सहा मिनिटांवर होती, मावशी. पुलावरून परत फिरली."

गुंड्याने डोकं दोन्ही हातांत धरलं होतं. मला फार राग आला होता, पण तो त्या मुलीचा नव्हता. एकतीस वर्षं माझ्या डेपोतही छापील कारणंच होती. घाट, गर्दी, टायर, इंजिन. यांत न बसणारं काही घेऊन ड्रायव्हर आला की मी सांगायची, काहीतरी लिही बाबा, रकाना रिकामा सोडू नकोस. गाडीखाली वाकून पाहणारी मी, पण किती खोट्या टायरवर सह्या केल्या असतील, देव जाणे.

"सर," मुलगी म्हणाली, "पाचवं कारण टाका म्हणून मी सहा महिन्यांपूर्वी लिहून दिलं होतं. त्याची पोच माझ्याकडे आहे."

६

साहेबांचा सूर लगेच मवाळ झाला. मुलीला बाहेर पाठवून त्यांनी आमच्यासाठी चहा मागवला. मी तो प्यायले नाही.

"हे बघा, तांत्रिक चूक झाली असेल," ते म्हणाले. "मी आजच्या आज दुसरं पत्र देतो. कुटुंबातील कोणीही रुग्णवाहिका रद्द केली नव्हती, असं स्पष्ट लिहून देतो. तुम्ही फक्त त्याच्या शेवटच्या ओळीखाली सही करा, आमचं समाधान झालं, अर्ज निकाली काढावा."

पंधरा मिनिटांत पत्र टाइप होऊन आलंसुद्धा. गुंड्याने ते वाचलं आणि बायकोपुढे धरलं.

"मला माफ कर," तो म्हणाला. "तू फोन करत होतीस आणि मी उचलत नव्हतो. ते मला सहन होत नव्हतं. म्हणून कोणीतरी दुसरं हवं होतं."

"मीही तुझ्यावर संशय घेतला होता, पोरी," मी म्हटलं. "पहिल्याच दिवशी. तेही ऐकून ठेव."

तिने पत्र हातात घेतलं, पण त्याच्याकडे पाहिलं नाही. ती गुंड्याकडे पाहत होती.

"तुम्हाला वाटलं, मी बाबांना दिलेला शब्द पाळला," ती म्हणाली. "मी तो मोडला. त्यांनी माझा हात धरला होता, नको म्हणत होते, आणि मी हात सोडवून फोन लावला. मला ते हवे होते म्हणून. त्यांचं शेवटचं मागणंसुद्धा मी ऐकलं नाही. आणि पत्र आल्यापासून या घरात सगळ्यांनी मला सांगितलं की मी ऐकलं."

गुंड्या रडायला लागला. तिने त्याला थोपटलं नाही, पण दूरही ढकललं नाही.

"माफीचं घरी बघू," ती म्हणाली. मग साहेबांकडे वळली. "तुमच्याकडे गेल्या वर्षभरात कॉल करणाऱ्याने रद्द केलेल्या किती गाड्या आहेत?"

"तसं लगेच कसं सांगता येईल?"

"त्या प्रत्येकाला फोन करून विचारा, तुम्ही खरंच रद्द केली होती का. आमच्यासारखं पत्र अजून कोणाच्या घरात गेलं असेल. तिथेही कोणीतरी बॅग भरत असेल."

"बाई, ते आमच्या अखत्यारीत नाही."

"मग ज्याच्या अखत्यारीत आहे त्याला भेटते. अर्ज निकाली निघणार नाही. उलट आता नवा देते, आणि तो माझ्या सहीने." तिने साहेबांच्याच पेनने समाधानाच्या ओळीवर आडवी रेघ मारली, पत्राची घडी घालून पर्समध्ये ठेवली आणि टेबलावरचा कोरा कागद स्वतःकडे ओढला.

साहेबांनी घड्याळ पाहिलं. मग समजूत घालायच्या सुरात म्हणाले, "तुमचं दुःख मला कळतं. पण इतकं करून तुमचे सासरे काही परत येणार नाहीत."

"नाही येणार," ती म्हणाली. "म्हणून तर मला आता कसलीच घाई नाही. आज लिहून होणार नाही, तर उद्या येईन. परवा येईन. तुम्हाला जेवढे दिवस लागतील तेवढे दिवस येईन."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, बहुधा मी वयाने मोठी म्हणून तिला आवरीन या आशेने. मी माझी खुर्ची तिच्या खुर्चीला लावली आणि तिला माझं पेन दिलं.

दुसऱ्या दिवशी कचेरी उघडायच्या आधीच आम्ही तिघंही दारात उभे होतो.